सोमवारी अडणारी व्हॅन

चेन्नईत थंडी पडत नाही. मग तिथल्या गाड्या थंडीने अडतात कशा, असा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बोलणीतच विचारला होता. ते नाशिकचे. हिवाळ्यात पहाटे इंजिनाखाली शेगडी सरकवणारे ट्रकवाले त्यांनी पाहिले होते. होणारा जावई मद्रासला राहतो, गाड्यांचे विजेचे काम करतो, आणि त्यातही सकाळी सुरू न होणाऱ्या डिझेल गाड्या हे त्याचे विशेष काम आहे, हे ऐकून हा मनुष्य काही लपवतो आहे असा त्यांचा ग्रह झाला असावा. मी म्हणालो, “थंड असते ते इंजिन. हवा नव्हे.” त्यांनी पुढे विचारले नाही. मुलगी दिली.

तेवढे उत्तर त्यांना पुरले. वाचकांना पुरणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रात्रभर उभे राहिलेले इंजिन म्हणजे थंड इंजिन. मे महिन्यात ते हाताला कोमट लागते, तरी डिझेलच्या हिशेबी थंडच. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारले की पेट घेते. हवा तशी दाबायची तर इंजिन मुळात पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. ते काम सेल्फचे, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणाऱ्या मोटरचे. जुन्या धाटणीच्या इंजिनांत हवा आधी थोडी तापवूनही द्यावी लागते. ते काम हीटर प्लगचे. पाणी तापवण्याच्या कॉईलची ही धाकटी बहीण. बोटाएवढी कांडी, प्रत्येक सिलिंडरला एक. सेल्फ आणि हीटर प्लग एकाच बॅटरीवर जगतात आणि दोघांना भूक एकाच वेळी लागते.

बॅटरीतून निघालेली वीज तारेने जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. जाण्याची वाट सगळे तपासतात. परतीच्या वाटेकडे कोणी पाहत नाही. माझे घर बऱ्याच अंशी त्या परतीच्या वाटेवर चालले.

या कामातील पहिली अडचण वैद्यकीय स्वरूपाची आहे. रोगी दवाखान्यात पोचेपर्यंत बरा होतो. सकाळी न सुरू होणारी गाडी कोणीतरी ढकलून सुरू करतो, ती गिंडीला माझ्या दुकानात येते, आणि तोवर इंजिन तापलेले असते. तापलेले इंजिन कसेही सुरू होते. म्हणून अशा गाडीकडे आपल्याला जावे लागते, आणि तिला जाग येण्याआधी जावे लागते. दुसरी अडचण या शहराच्या सौजन्याची आहे. एग्मोर स्थानकाजवळच्या एका हॉटेलची, पाहुण्यांना ने-आण करणारी गाडी मला पाहायची होती. मी सकाळी पोचलो तर इंजिन घरघरत होते आणि ड्रायव्हर घाम पुसत हसत उभा होता.

“तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली, सार!”

“कशी?”

“स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना बोलावलं. ढकलली. वॉचमनसुद्धा लागला.”

मी परत गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. यावेळी व्यवस्थापकांच्या खास हुकमावरून. वडीलधारा माणूस येतो आणि गाडी थंड पडलेली असते, हे त्यांना बरे दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी कोणी उठण्याआधी गेलो आणि बॉनेटला टेकून उभा राहिलो. मग ड्रायव्हरने माझ्यासमोर सेल्फ मारला. सेल्फ कण्हला. दोन-तीनदा मारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, पाय भाजतो आहे. व्यवस्थापक म्हणाले, “ब्रेकचा वास येतोय.” उभ्या गाडीच्या ब्रेकचा वास कसा येईल, हे मी त्यांना विचारले नाही. अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला हात लावला आणि काढून घेतला. तार चुलीवरच्या सळईसारखी तापली होती.

प्रकार असा होता. क्लचचे काम करताना कोणी मेकॅनिकने इंजिन आणि सांगाडा जोडणारी तांब्याची पट्टी सोडवली होती आणि परत लावली नव्हती. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, त्यामुळे पट्टी नसेल तर त्याचा लोखंडाशी नीट संबंध राहत नाही. विजेला परत तर यायचे असते. तिने अ‍ॅक्सिलरेटरची बारीक तार शोधून काढली होती आणि सगळा भार त्या तारेतून चालला होता. मला दोषापेक्षा त्या शोधाचे अधिक नवल वाटले. पट्टी लावली, काम संपले.

जॉर्ज टाउनमधले सुक्या मिरचीचे एक व्यापारी होते. गाडी अडली की ते बॅटरी बदलत. त्यांच्याशी झालेला संवाद मी अनेक गिऱ्हाइकांशी केलेला आहे, पण इतक्या शुद्ध स्वरूपात त्यांच्याशीच.

“मीटर किती दाखवतो?” त्यांनी विचारले.

“बारा.”

“बारा म्हणजे ठीक.”

“नाही.”

“मग किती असलं म्हणजे ठीक?”

“बाराच.”

ते माझ्याकडे मिरचीच्या दलालाकडे पाहावे तसे पाहू लागले. मी म्हणालो, “आता सेल्फ मारा आणि मीटर पाहा.” त्यांनी मारला. काटा सातावर आला. नळ बंद असेल तर चोंदलेल्या नळीतही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो. नळ सोडल्यावर धार केवढी येते ते पाहायचे असते. विजेचेही तसेच. माझ्या धंद्याची निम्मी विद्या या एका वाक्यात आहे. उरलेली निम्मी म्हणजे मीटरची दोन टोके कुठे ठेवायची. ती बॅटरीवर ठेवली तर बॅटरी कळते. बॅटरी आणि इंजिन यांच्यावर ठेवली तर मधली वाट कळते. सेल्फ फिरत असताना त्या वाटेवर काही व्होल्ट गळत असतील, तर बॅटरी कितीही नवी आणा.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. ते अलीकडचे आहे. गिंडीचे दुकान मी बंद केले होते. कोणी बोलावले आणि प्रश्न नवा वाटला तर जात असे, आजही जातो.

स्वामिनाथराव मैलापूरचे. तंजावरकडून आलेल्या जुन्या मराठी घराण्यातले, व्यवसाय स्वयंपाकाचा. लग्नकार्ये करतात आणि कामाच्या दिवशी सकाळी गिंडीच्या एका कार्यालयात न्याहारी पोचवतात. इडली, पोंगल, वडे. त्यांची मराठी माझ्या आजोबांच्या मराठीहून जुनी आणि चाल तमिळ. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पोथी वाचत आहेत असे वाटते.

“पाटणकर ना?” फोनवर ते म्हणाले. “आमची व्हॅन सोमवारी चालू होईना.”

“सोमवारीच?”

“सोमवारीच, पा. मंगळवारी होते, बुधवारी होते, शनिवारीं होते. रविवारी सुट्टी. व्हॅन शेडात असते, किल्ली ड्रायव्हरापाशी असते, ड्रायव्हर मागच्या खोलीत असतो. आतां तुम्हीच समजून घ्या.”

“काय समजून घेऊ?”

“तो रविवारी तींत काही करितो. दिवे लावून बसतो, पाटे ऐकतो, कोणास फिरवून आणितो. तुम्ही मीटर लावून तसे सांगा. मग मी त्यास जा म्हणेन. उगाच कसे काढावे? साक्ष पाहिजे.”

पाटे म्हणजे तमिळ गाणी, आणि ‘पा’ म्हणजे आपले ‘बाबा रे’. दुरुस्तीसाठी बोलावणारी गिऱ्हाइके मी आयुष्यभर पाहिली. साक्षीसाठी बोलावणारे हे पहिलेच. मी म्हणालो, येईन, पण काय सांगेन ते आल्यावर ठरेल. खरे सांगायचे तर मला जावेसे वाटले ते एका कारणासाठी. गाडीला वार कळत नाही. मग सोमवार तिला कोण सांगत होते?

ड्रायव्हरचे नाव एळुमलै. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, शर्टाचे वरचे बटणही लावणारा मनुष्य. त्याची बायको सेल्वी त्याच स्वयंपाकघरात पीठ वाटण्याचे काम करी. राहायची खोली नोकरीबरोबर मिळालेली. म्हणजे त्याची नोकरी गेली असती तर दोघांचे काम गेले असते आणि डोक्यावरचे छप्परही. सोमवारी न्याहारी उशिरा पोचल्याची तक्रार कार्यालयाने केली होती. पुढच्या सोमवारीही तसे झाले तर एळुमलैने सामान बांधावे, असे स्वामिनाथरावांनी त्याला सांगून टाकले होते. हे मला एळुमलैने सांगितले नाही. स्वामिनाथरावांच्या पत्नी कमलाबाई यांनी सांगितले, कॉफी देता देता, यजमानांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मी पहिल्यांदा गेलो तो गुरुवार होता. व्हॅन सुरू करून ठेवलेली होती. मी बजावले की उद्या मी येईपर्यंत कोणी तिला शिवायचे नाही. शुक्रवारी ती थंड सापडली आणि पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मात्र सेल्फचा आवाज मला जड वाटला. मीटर लावला. जाण्याची वाट स्वच्छ होती. परतीच्या वाटेवर गळती होती. फार नव्हे, पण होती. खाली वाकून पाहिले. इंजिनाची तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडली होती आणि अर्धे धागे तुटले होते. ही व्हॅन रोज बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतली जाई आणि सांबाराची भांडी तिच्यात रोज थोडी सांडत. तांब्याला एवढे पुरे.

“मग बदला ती,” स्वामिनाथराव म्हणाले.

“आज नाही.”

“कां? दोष सापडला ना?”

“एक सापडला. सोमवार सापडलेला नाही.”

त्यांना ते आवडले नाही. माझा विचार असा होता. ही पट्टी आठवडाभर खराब असते आणि तरीही व्हॅन पाच दिवस सुरू होते. तेव्हा सोमवारी तिच्या जोडीला दुसरे काही येत असले पाहिजे. मी पट्टी त्याच दिवशी बदलली असती तर व्हॅन बहुधा सोमवारीही सुरू झाली असती. गिऱ्हाईक खूश झाले असते. आणि स्वामिनाथरावांनी म्हटले असते, पाहिलेत, तुम्ही आलात म्हणून तो भ्याला आणि रविवारी शिवला नाही. गाडी सुधारली असती आणि एळुमलै गेला असता. म्हणून पट्टी मुद्दाम तशीच ठेवली. दुरुस्त करता येणारी गोष्ट नादुरुस्त ठेवणे माझ्या स्वभावाला जड गेले, हे नमूद करतो.

शनिवारी काम संपल्यावर व्हॅन शेडात लागली. उभ्या गाडीतूनही कधी कधी वीज पाझरते. एखादा दिवा, एखादा अडकलेला रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका. मी तारेभोवती वीज मोजणारा क्लॅम्प लावून बघितले. पाझर नव्हता. रविवारी संध्याकाळी पुन्हा गेलो आणि बॅटरी तपासली. पूर्ण भरलेली नव्हती, पण सकाळच्या कामाला पुरेशी होती. म्हणजे रविवार तिच्यावरून निर्धोक गेला होता. खोलीच्या पायरीवर एळुमलै बसला होता. माझ्या हातातल्या मीटरकडे तो डॉक्टरच्या सुईकडे पाहावे तसा पाहत होता.

“सार, हे कधी खोटं सांगतं का?”

“नाही. वाचणारा चुकू शकतो.”

“मी रविवारी झोपतो, सार. दुसरं काही करत नाही.”

आतून सेल्वीचा आवाज आला, “आणि घोरतात! मालकांना सांगा सार, त्या घोरण्याला बॅटरी लागत असेल तर तीही मोजा!”

सोमवारी आठच्या आधी पोचलो. रोजची निघण्याची वेळ तीच. न्याहारीची भांडी व्हॅनमध्ये चढवून झाली होती. वाफ येत होती. सगळ्यांना ताकीद दिलेली होती की मी येईपर्यंत व्हॅन कोणी सुरू करायची नाही. मी बॅटरी तपासली. काल संध्याकाळपेक्षा ती स्पष्टपणे उतरलेली होती.

“पाहिलेत?” स्वामिनाथराव म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एळुमलैकडे बोट केले. “रात्री शेडांत कोण असतो? हा असतो.”

मीटर एळुमलैच्या विरुद्ध बोलत होता, आणि तो मीटर माझा होता.  एळुमलैने शर्टाचे वरचे बटण चाचपले. मी त्याला सेल्फ मारायला सांगितले. सेल्फ कण्हला, अर्धा फेरा फिरला, थांबला. पुन्हा मारला. नुसती टकटक झाली. सेल्वी भांड्यांपाशी उभी होती. ती आत निघून गेली.

मी विचारले, “आज सकाळी ही व्हॅन कोणी सुरू केली होती?”

“नाही,” स्वामिनाथराव म्हणाले.

“इल्ले सार,” एळुमलै म्हणाला.

दोघांच्याही चेहऱ्यावर खोटे नव्हते. मी बॉनेट उघडले आणि इंजिनातून धूर जिथून बाहेर पडतो त्या लोखंडावर तळवा ठेवला. किंचित ऊब होती. चेन्नईत सकाळी आठला ऊब कशालाही असते, म्हणून दुसरा तळवा फाटकाच्या लोखंडावर ठेवून पाहिला. फाटक थंड होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मी एकाच वेळी व्हॅन आणि फाटक यांना हात लावू शकतो आहे. काल संध्याकाळी व्हॅन शेडात, खूप आत होती. आता ती फाटकाबाहेर होती आणि काचेवर ओले गंध होते.

“ही बाहेर कशी आली? ढकलली?”

कमलाबाई हसल्या. “ढकलण्यास कोण आहे इथे? हे सोमवारी रथ काढितात! पुढचे दिवे लावून, तीनदा हॉर्न वाजवून. मग दिवे तसेच जळत ठेवून उभ्याने सगळे स्तोत्र. गल्लीस घड्याळ नको.”

“कमला, ते प्रस्थान,” स्वामिनाथराव म्हणाले.

“म्हणजे सुरू केलीत ना?” मी विचारले.

“चालू केले नाही. प्रस्थान ठेविले.” मला एवढेही कळू नये याचे त्यांना आश्चर्य वाटले. “सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. आमची निघण्याची वेळ आठ. राहुकाळांत अन्न घेऊन कसे निघावे? म्हणून त्याआधी व्हॅन उंबऱ्याबाहेर ठेवितो. निघणे जाहले. मग केव्हाही जावे, दोष नाही. शेडातून फाटकापर्यंत. इतुकेच मज चालविता येते, पा. दुसरी किल्ली देवघरात असते.”

मी एळुमलैकडे वळलो. “तुला हे ठाऊक होते?”

“दर सोमवारी बघतो, सार.”

“मग मी विचारले तेव्हा नाही का म्हणालास?”

तो गोंधळला. “ती पूजा आहे, सार. गाडी चालू करणं मी करतो. आज मी केली नाही.”

ज्याची नोकरी जाणार होती त्यालाही ते सुरू करणे वाटले नव्हते. गुरुवारपासून मी त्या घरात सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो आणि सगळे मला खरे उत्तर देत होते. प्रश्नाचा शब्द चुकला होता. आणि तो माझा चुकायला नको होता. कारण प्रस्थान आमच्याही घरी ठेवत. वडील प्रवासाला निघायचे आणि वेळ बरी नसेल, तर आई तांदूळ-सुपारीची पुरचुंडी आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवी. आमची पुरचुंडी होती. स्वामिनाथरावांनी आख्खी व्हॅन ठेवली होती.

बाकी हिशेब सरळ होता. थंड इंजिन सुरू करताना बॅटरी सर्वांत जास्त देते. ती भर परत मिळायला इंजिन बराच वेळ चालावे लागते. इथे ते शेडातून फाटकापर्यंत चालून बंद होई आणि वर दिवे स्तोत्र संपेपर्यंत जळत. पुढे आठ वाजता थंडच इंजिन पुन्हा सुरू करायचे. चांगल्या गाडीने हेही सोसले असते, आणि अनेक वर्षे सोसले होते. पण आता परतीची पट्टी कुजली होती. इंजिनावरच्या ज्या यंत्राने बॅटरी भरते, त्याचीही वाट तीच. म्हणून बॅटरी सहा दिवसांत कधी पूर्ण भरतच नव्हती. पट्टी एकटी पाच दिवस निभावत होती. प्रस्थान एकटे वर्षानुवर्षे निभावले होते. दोघांची गाठ पडे ती सोमवारी.

आजच्या गाड्या आपले दुखणे स्वतः सांगतात. संगणक जोडला की पडद्यावर दोषाचा क्रमांक येतो. चांगली सोय आहे. मी तिची थट्टा करत नाही. या व्हॅनला संगणक असता तर त्याने ‘दाब कमी’ असे सांगितले असते, आणि स्वामिनाथरावांनी तो पडदा एळुमलैला दाखवला असता.

हे सगळे मी त्या वेळी बोललो नाही. न्याहारी निवत होती. मी जाड केबल काढली, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला लावले. म्हणजे कुजलेली पट्टी वगळली. हीटर प्लग तापू दिले आणि एळुमलैला मान हलवून खूण केली. उतरलेल्या बॅटरीवरही इंजिन एका हिसक्यात पेटले. केबल घट्ट बांधून दिली. तो न्याहारी घेऊन गेला.

स्वामिनाथराव फाटकापाशी उभे होते.

“मग दोष माझ्या प्रस्थानाचा?”

“अर्धा. अर्धा पट्टीचा.”

“आणि एळुमलै?”

“त्याचा काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. लिहून हवे असेल तर देतो. साक्ष हवी होती ना तुम्हाला?”

ते आत गेले. कमलाबाई म्हणाल्या, “आज स्तोत्र मोठ्याने म्हणणार नाहीत.”

त्याच दिवशी दुपारी मी नवी पट्टी घातली आणि शेजारी आणखी एक जोडली. प्रस्थान मोडा असे मी सांगितले नाही. तो माझा विषय नाही. आमच्या आईच्या पुरचुंडीची गोष्ट तेवढी सांगितली. स्वामिनाथराव म्हणाले, “आमचे आजे उपरणे ठेवीत. खरेच. व्हॅन त्या काळी कोठे होती?” पुढच्या सोमवारपासून राहुकाळाच्या आधी पोंगल वाढायचा मोठा डाव प्रस्थान म्हणून समोरच्या फुलवालीकडे जाऊ लागला. व्हॅन आठ वाजता सुरू होई. एळुमलैची नोकरी राहिली, खोली राहिली. माझे काम संपले असे मी समजलो.

काही आठवड्यांनी स्वामिनाथरावांचा फोन आला.

“व्हॅन ठीक?” मी विचारले.

“व्हॅनीस काय होते? उत्तम आहे.” मग मूळ मुद्द्यावर आले. “एळुमलै रविवारी इथे राहीना. शनिवारीं काम जाहले की खोलीस कुलूप घालितो, बायकोस घेऊन तिरुवोट्टियूरला मेव्हण्याकडे जातो. सोमवारी पहाटे येतो. मी म्हटले, कशास जातोस? म्हणाला, ‘मी नसलेला बरा, अय्या. पुन्हा काही झालं तर विचारायला नको.’”



“तुम्ही सांगा, पाटणकर. हे कसे दुरुस्त करावे?”

“मी विजेचे काम करतो.”

“ते ठाऊक आहे. तरीही.”

“त्याला म्हणालात का, माझी चूक झाली?”

“कसे म्हणणार? मी मालक.”

“मग मला सांगता येत नाही,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर वाटले की उत्तर थोडे कमी कोरडे देता आले असते. पण त्याहून वेगळे काही मला ठाऊक नव्हते.

पुढचे मी पाहिलेले नाही, कमलाबाईंनी सांगितलेले आहे. त्यानंतरच्या सोमवारी अंधार असतानाच स्वामिनाथराव धोतर नेसून, उपरणे घेऊन घराबाहेर पडले. निघाले होते ते तिरुवोट्टियूरला, शहराच्या पार उत्तर टोकाला. तिथे पोचायला सरकारी बस बदलावी लागते. ते बसने गेल्याचे कमलाबाईंना उभ्या संसारात आठवत नव्हते. इकडे न्याहारी चढवून झाली. आठ वाजत आले. ड्रायव्हर नाही आणि मालक नाही. डाव फुलवालीकडे न्यायचेही राहून गेले. सेल्वीही मेव्हण्याकडेच होती; दोघे पहाटे निघण्याआधीच मालकांनी त्यांना तिथे गाठले होते, हे नंतर कळले.

आठ वाजून गेल्यावर, ऐन राहुकाळात, कोपऱ्यावरच्या थांब्याला बस उभी राहिली. आधी सेल्वी उतरली. मागून एळुमलै उतरला आणि स्वामिनाथरावांना उतरायला त्याने हात दिला. तिघे चालत आले. एळुमलै सरळ व्हॅनपाशी गेला, किल्ली फिरवली, आणि न्याहारी निघून गेली. स्वामिनाथराव पायरीवर बसून धापा टाकत होते.

“त्यास काय म्हणालात?” कमलाबाईंनी विचारले.

“इडली चढली ना सगळी नीट?” ते म्हणाले.

एळुमलै आता रविवारी घरीच असतो. सेल्वी सांगते, घोरतो.